सातभाईंचं नाव बदललं, मग बिघडलं काय?

आमच्या रुग्णालयाच्या आवारात, मेडिसिन वॉर्डाच्या मागच्या बाजूला एक जुना आंबा आहे. त्याच्याखाली पालापाचोळ्याचा ढीग साचतो. तो ढीग लोटून जाळून टाकू नका, असं मी सफाई कामगारांना गेली कित्येक वर्षं सांगत आलोय. कारण सातभाई. सकाळी राउंडच्या आधी आठ-दहा जणांचं ते टोळकं पाचोळ्यात उतरतं, पानं उलथीपालथी करतं आणि सगळे एकाच वेळी बोलत राहतात. वॉर्डातले रुग्ण कंटाळून खिडकीशी येतात आणि त्यांच्याकडे बघत बसतात. एका आजीबाईंनी मला विचारलं होतं, ‘हे भांडतात तरी कशावरनं एवढं?’ मी म्हटलं, आजी, घरात आठ माणसं असली की कारण लागत नाही.

गेल्या वर्षी आमच्याकडे एक इंटर्न आली. पक्षिनिरीक्षणाचं वेड असलेली. मी माझं ज्ञान पाजळत तिला सातभाईचं शास्त्रीय नाव सांगितलं, ‘टर्डॉइड्स स्ट्रायटस’. विद्यार्थिदशेत सलीम अलींच्या पुस्तकातून पाठ केलेलं. ती जरा अवघडून म्हणाली, ‘सर, ते आता बदललंय. आर्ग्या स्ट्रायटा म्हणतात.’ आणि वर, ‘आणि सर, तो आता टिमॅलिडी कुळातही नाही. लायोथ्रिकिडी.’

खरं सांगतो, मला राग आला. पक्षी तोच, आंबा तोच, आवाज तर अगदीच तोच. मग कोणीतरी कुठल्यातरी प्रयोगशाळेत बसून त्याचं नाव, गोत्र, सगळं बदलायचं कारण काय? पक्षिनिरीक्षकांच्या गप्पांमध्ये ही तक्रार मी अनेकदा ऐकली आहे आणि त्यात माझा सूरही मिसळला आहे. पुस्तकं जुनी होतात, याद्या जुळत नाहीत, नवख्याला काही कळेनासं होतं. ‘शास्त्रज्ञांना दुसरं काम नाही,’ हे वाक्य तर ठरलेलंच. हा लेख लिहायचं कारण एवढंच की, या बाबतीत माझं मत आता बदललं आहे. ते का बदललं, हे सांगताना मला थोडं माझ्या धंद्याबद्दल बोलावं लागेल.

एम.डी.च्या तोंडी परीक्षेत मला न्यूमोसिस्टिसबद्दल विचारलं होतं. नव्वदचं दशक. एचआयव्हीचे रुग्ण वॉर्डात येऊ लागले होते आणि त्यांच्या फुप्फुसात हा सूक्ष्मजीव सापडायचा. ‘कुठल्या वर्गातला?’ असा प्रश्न आला. मी ठणठणीत आवाजात ‘प्रोटोझोआ’ म्हटलं, म्हणजे मलेरियाच्या जंतूच्या भावकीतला. आमच्या पाठ्यपुस्तकात तसंच होतं. परीक्षकांनी मान डोलावली, मी पास झालो. गंमत अशी की १९८८ सालीच त्याच्या रायबोसोमच्या आरएनएची अक्षरं वाचून झाली होती आणि तो बुरशी आहे हे दिसलं होतं. मी चुकीचं उत्तर दिलं, परीक्षकांनी बरोबर धरलं आणि आम्हा दोघांनाही पत्ता नव्हता. सूक्ष्मदर्शकाखाली तो प्रोटोझोआसारखा दिसायचा, बुरशीवरच्या नेहमीच्या औषधांना दाद द्यायचा नाही, म्हणून त्याला त्या खोक्यात ठेवलेलं. पुढे माणसात सापडणाऱ्या जातीचं नावही बदललं, चेक शास्त्रज्ञ ओटो यिरोवेत्स यांच्या नावावरून. तेव्हाही आम्ही कुरकुरलो. उपचार तर तेच होते, को-ट्रायमॉक्सॅझोल. मग नाव कशाला बदलायचं?

पण बुरशीच्या पेशीभित्तीत बीटा-ग्लुकॅन नावाचा पदार्थ असतो आणि तो रक्तात मोजता येतो. न्यूमोसिस्टिस बुरशी आहे म्हटल्यावर ही तपासणी तिथेही चालावी, आणि ती चालते. ज्या रुग्णाला फुप्फुसात नळी घालून नमुना घेणं झेपणार नाही, त्याच्या बाबतीत आज या साध्या रक्ततपासणीचा आधार मिळतो. भाऊबंद कोण हे कळलं की, ज्याच्याबद्दल काहीच माहीत नाही त्याच्याबद्दलही अंदाज बांधता येतो. वर्गीकरणाचा खरा उपयोग हा आहे. नाव लक्षात ठेवण्याची सोय हा दुय्यम भाग.

आता सातभाईंकडे येतो. ज्या टिमॅलिडी कुळात त्यांना शंभर-दीडशे वर्षं ठेवलं होतं ते कूळ म्हणजे, स्पष्ट बोलायचं तर, पक्षिशास्त्राची अडगळीची खोली होती. आखूड गोल पंख, मजबूत पाय, मऊ विस्कटलेली पिसं, रंग बहुधा मातकट, झुडपात खालच्या अंगाला वावर, लांब उडायचा कंटाळा. असा पक्षी दिसला आणि तो कस्तुरही नाही, माशीमारही नाही, वटवट्याही नाही असं ठरलं की त्याला ‘बॅब्लर’ म्हणायचं. म्हणजे तो काय आहे यावरून नव्हे, तर काय नाही यावरून त्याची जागा ठरायची. सलीम अली आणि रिप्ली यांच्या दहा खंडांच्या ग्रंथात तर सातभाई, माशीमार, वटवटे आणि कस्तुर या सगळ्यांना एकाच अवाढव्य कुळात बसवून त्याची उपकुळं केली होती. त्यांना दोष द्यायचा नाही. हातात मेलेल्या पक्ष्याची कातडी, चोच, पाय, पंखातल्या पिसांची संख्या एवढंच असताना याहून जास्त काय करणार?

आम्हा डॉक्टरांच्या घरातही अशी अडगळीची खोली होती. कावीळ झाली, ‘ए’ विषाणू नाही, ‘बी’ विषाणू नाही, तर निदान काय लिहायचं? ‘नॉन-ए, नॉन-बी हिपॅटायटिस’. हे नाव पंधराएक वर्षं जगभर केसपेपरवर लिहिलं जात होतं. हार्वे आल्टर यांनी सत्तरच्या दशकात, रक्त दिलेल्या रुग्णांमधली ही कावीळ ए किंवा बी या दोन्हींमुळे होत नाही हे दाखवलं. १९८९ साली मायकेल हॉटन आणि सहकाऱ्यांनी विषाणूच्या जनुकाचा तुकडा हाती लागल्यावर ‘सी’ विषाणूला नाव दिलं. मग रक्तपेढ्यांमध्ये तपासणी आली आणि आज तीनेक महिन्यांच्या गोळ्यांनी बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. ‘यातलं नाही, त्यातलंही नाही’ या खोक्यावर कुठलंही औषध शोधता आलं नसतं. या कामाला २०२० साली नोबेल मिळालं.

पक्ष्यांच्या अडगळीच्या खोलीत पहिला दिवा लावला तो चार्ल्स सिब्ली आणि जॉन आल्क्विस्ट यांनी. दोन जातींचा डीएनए घ्यायचा, तापवून त्याच्या दोन धाग्यांची जोडी सोडवायची, दोघांचे सुटे धागे एकत्र करून थंड करायचे आणि झालेली मिश्र जोडी पुन्हा किती तापमानाला सुटते ते मोजायचं. साम्य जास्त तर जोडी घट्ट. ही पद्धत ढोबळ होती, त्यांच्या १९९०च्या ग्रंथातले काही निष्कर्ष पुढे टिकलेही नाहीत. पण ऑस्ट्रेलियातले ‘बॅब्लर’ आपल्याकडच्यांचे कोणीच लागत नाहीत, हे त्यांनी दाखवलेलं टिकलं. दिसणं आणि वागणं सारखं, कारण काम सारखं. दोन वेगवेगळ्या गावांतल्या गवंड्यांच्या हाताला सारखेच घट्टे पडतात, म्हणून ते सख्खे भाऊ ठरत नाहीत.

मग आलं पीसीआर. करोनानंतर हा शब्द वाचकांना समजावून सांगावा लागत नाही. पिसाच्या बुडख्यातून किंवा रक्ताच्या थेंबातून जनुकाचा हवा तो तुकडा वाढवायचा आणि त्याची अक्षरं वाचायची. २००३ साली अ‍ॅलिस सिब्वा यांनी या बॅब्लरांच्या मायटोकाँड्रियातली जनुकं वाचली आणि त्यातून निघालेल्या एका शोधनिबंधाला सरळ मथळाच दिला की सिल्व्हिया हा बॅब्लर आहे. सिल्व्हिया म्हणजे कोण? हिवाळ्यात आपल्याकडच्या बाभळींमध्ये पांढऱ्या गळ्याचा, करड्या पाठीचा चिमुकला वटवट्या येतो, त्याचा गट. वटवट्यांच्या कुळाला नावच या सिल्व्हियावरून पडलेलं. म्हणजे घराच्या दारावर ज्याच्या नावाची पाटी, तोच शेजारच्या घरातला निघाला! इतर वटवट्यांपेक्षा त्याचं रक्त सातभाईंच्या गोतावळ्याला जवळचं. प्राणिशास्त्रात जुन्या नावाला मान देण्याचा नियम आहे आणि ‘सिल्व्हिडी’ हे नाव ‘टिमॅलिडी’पेक्षा जुनं. नियम काटेकोर लावला असता तर सगळ्या बॅब्लरांना वटवट्याचं आडनाव लावायची पाळी आली असती. ती टळली, पण बरीच वर्षं या पेचावर वाद चालला.

दुसरा धक्का चष्मेवाल्याचा. डोळ्याभोवती पांढरं कडं असलेला, पिवळट हिरवा, शेवग्याच्या फुलांवर थव्यानं येणारा हा पक्षी. त्याच्या जिभेचं टोक कुंचल्यासारखं असतं, तो मध पितो, म्हणून जुन्या ग्रंथांत त्याची जागा सूर्यपक्ष्यांशेजारी, सातभाईंपासून दोन-तीन खंड दूर. जनुकं म्हणाली की हा हिमालयातल्या तुरेवाल्या युहिनांचा जवळचा नातेवाईक, म्हणजे बॅब्लरांच्याच घरातला. जीभ मधासाठी बदलली, वंश बदलला नाही.

आणि काही जण घरातून बाहेरही गेले. हिमालयात टेरुथियस नावाचे दणकट चोचीचे ‘खाटीक-बॅब्लर’ आहेत. सुषमा रेड्डी आणि जोएल क्रॅक्राफ्ट यांनी २००७ साली दाखवलं की त्यांचे सगेसोयरे अमेरिका खंडातले व्हिरिओ आहेत. आपल्या ईशान्येकडच्या दाट झाडीत एलाच्युरा नावाचा ठिपक्याठिपक्यांचा, आखूड शेपटीचा एक टीचभर पक्षी राहतो. त्याला कायम तशाच दिसणाऱ्या छोट्या बॅब्लरांमध्ये मोजलं गेलं. २०१४ साली पेर आल्स्ट्रम आणि सहकाऱ्यांना आढळलं की त्याला जवळचं असं कोणीच उरलेलं नाही. तो एका फार जुन्या घराण्याचा एकटा वारस आहे. आज त्याचं स्वतंत्र कूळ आहे, सदस्य एक. हा पक्षी नाहीसा झाला तर एक जात जाईल असं नाही, एक अख्खं घराणं जाईल. तो आधीही तेवढाच मोलाचा होता, पण ते आपल्याला माहीत नव्हतं.

हे सगळं परदेशातलं किंवा हिमालयातलं वाटत असेल तर आंबोलीला चला. मागच्या हिवाळ्यात ती इंटर्न मला घेऊन गेली. एका सकाळी, एका पाणवठ्याच्या आसपास आम्ही चार पक्षी पाहिले. जमिनीवर पानं उडवणारे सातभाई. कोयत्यासारख्या वाकड्या पिवळ्या चोचीचा, नर आणि मादी एकमेकांना सूर देत गाणारा एक. पाचोळ्यात चोरपावलांनी फिरणारा, छातीवर रेघा असलेला एक. आणि झाडाच्या मधल्या फांद्यांवर लगबग करणारा, करड्या डोक्याचा साधासुधा एक. माझ्या जुन्या पुस्तकाप्रमाणे हे चारही एका घरचे. आजच्या वर्गीकरणात चौघांची चार कुळं आहेत. करड्या डोक्याचा जो अल्सिपी, त्याच्या नावाच्या वंशात एके काळी कोणालाही भरती करत. तपासून बाकीचे बाहेर काढले तेव्हा उरलेल्यांसाठी वेगळं कूळच करावं लागलं. परत येताना माळावरच्या गवतात पिवळ्या डोळ्यांचा, नारिंगी कडेचा बॅब्लर दिसला. त्याचं पाचवं कूळ. माझी इंटर्न बोटं मोजत होती आणि मी गप्प बसलो होतो.

आता सातभाईचं नाव नेमकं का बदललं ते सांगतो, म्हणजे हिशेब पुरा होईल. सिब्वा आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली या गोटातल्या जवळपास सगळ्या जातींची जनुकं एकत्र मांडली. तेव्हा टर्डॉइड्स म्हणून जे एकत्र होते त्यांच्यात दोन जुन्या फांद्या दिसल्या. टर्डॉइड्स हे नाव आता बहुतांशी आफ्रिकेतल्या जातींकडे राहिलं. आपल्याकडच्यांसाठी १८३१ साली दिलेलं आणि धूळ खात पडलेलं ‘आर्ग्या’ हे नाव पुन्हा वापरात आणलं. म्हणजे नवं म्हणून ज्याच्यावर मी चिडलो होतो ते नाव माझ्या पणजोबांच्याही आधीचं होतं.

इथपर्यंत कोणी म्हणेल, ठीक आहे, माहिती रंजक आहे, पण यावाचून कोणाचं काही अडतं का? अडतं. त्यासाठी आणखी दक्षिणेला जावं लागेल.

केरळ आणि तमिळनाडूत सह्याद्रीच्या माथ्यावर शोला नावाची खुरटी, थंड, ढगात बुडालेली जंगलं आहेत. ती सलग नाहीत. डोंगरमाथे म्हणजे जणू बेटं आणि मधल्या उष्ण दऱ्या म्हणजे समुद्र. सर्वांत मोठा समुद्र पालघाटची खिंड, रुंदी सुमारे ३० किलोमीटर. दक्षिणेला शेंकोट्टाची खिंड. या बेटांवर सातभाईंचे चुलतभाऊ राहतात. त्यांच्या आवाजावरून इंग्रजीत त्यांना हसरे कस्तुर म्हणतात. यातल्या निलगिरीच्या जातीला १८३९ मध्ये ‘खदाखदा हसणारा’ अशा अर्थाचं लॅटिन नाव दिलं ते थॉमस जेर्डन यांनी. ते कंपनी सरकारच्या नोकरीतले डॉक्टर होते आणि मद्रास इलाख्यात हिंडत रुग्णांबरोबर पक्षीही तपासत. सरकारी नोकरीत राहून पक्षी पाहणाऱ्या डॉक्टरांची परंपरा जुनी आहे, असं मी आमच्या अधीक्षकांना अधूनमधून सांगत असतो. बाणासुर डोंगराकडच्या पक्ष्याला जेर्डन यांचं नाव मिळालं. पळणीच्या डोंगरातल्या पक्ष्याच्या नावात आहेत सॅम्युअल फेअरबँक. ते अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात आयुष्य काढलेले, पक्ष्यांचे नमुने जमवणारे.

सलीम अलींच्या काळात या सगळ्यांच्या दोन जाती मानत. तांबूस छातीचा तो निलगिरीचा एक. करड्या छातीचे बाकी सगळे, पालघाटच्या उत्तरेचे आणि दक्षिणेचे मिळून, दुसरी जात. पुढे काहींनी बाणासुरवाल्याला उचलून निलगिरीवाल्याकडे दिलं. प्रवीण जे. आणि पी. ओ. नमीर यांनी २०१२च्या सुमारास बीएनएचएसच्या नियतकालिकात हा घोळ मांडला, संवर्धनावर त्याचा काय परिणाम होतो तेही मांडलं. मग व्ही. व्ही. रॉबिन, सी. के. विष्णुदास, उमा रामकृष्णन, सुषमा रेड्डी आणि सहकाऱ्यांनी डोंगर पालथे घातले. जाळ्यात पक्षी पकडायचे, थेंबभर रक्त घ्यायचं, मापं घ्यायची, सोडून द्यायचे, आणि गाणी रेकॉर्ड करायची. २०१७ साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. हे एक नाही, दोन नाही, चार वेगळ्या जाती आहेत. बाणासुर आणि निलगिरीवाले एकमेकांना जवळचे, छातीचा रंग वेगळा असला तरी. आणि चौघे मिळून हिमालयातल्या हसऱ्या कस्तुरांपेक्षा इतके निराळे की त्यांना स्वतंत्र वंश द्यावा लागला, मॉन्टेसिंक्ला. त्याच डोंगरांवरचे निळे, लाजाळू ‘शॉर्टविंग’ तर वेगळ्याच माशीमारांच्या गोतातले निघाले. त्यांचा वंश शोलिकोला, म्हणजे शोलात राहणारा. त्यातली अशांबू डोंगरावरची जात शास्त्राला पूर्ण नवी होती. इतकी वर्षं डोळ्यांसमोर, पण नाव नाही.

आता हिशेब करा. करड्या छातीचे सगळे मिळून एक जात होती तेव्हा तिचा पसारा वायनाडपासून पार दक्षिणेपर्यंत दिसायचा. नकाशा भरलेला, काळजी कमी. तिचे तुकडे झाल्यावर बाणासुरच्या वाट्याला उरले मोजके डोंगरमाथे. आज तो जागतिक यादीत संकटग्रस्त आहे. माथ्यावरचं तापमान चढलं तर त्याला वर सरकायला डोंगर उरत नाही, आणि खाली उतरून पलीकडच्या डोंगरावर जायला तो उडत नाही. एका जातीचे चार कोपऱ्यांतले पक्षी असते तर एक कोपरा रिकामा झाल्यावर आपण म्हटलं असतं, बाकी तीन आहेत ना. हे ‘बाकी तीन आहेत ना’ फार घातक असतं. तापाचे दहा रुग्ण एकाच रकान्यात लिहिले तर त्यातला लेप्टोचा एक हातचा जातो, हे कोकणात काम करणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला विचारा.

कायद्याचंही तसंच. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत ‘बॅब्लर’ असा एकगठ्ठा उल्लेख होता, उपकुळाच्या नावानं. चष्मेवाले वेगळ्या ओळीत. ज्या उपकुळाचं नाव लिहिलं ते शास्त्रात मोडीत निघालं, तर ती ओळ नक्की कोणाला लागू होते हा वकिलांना मजा देणारा प्रश्न आहे. २०२२च्या दुरुस्तीत अनुसूचींची नव्यानं मांडणी झाली हे चांगलं झालं, पण शास्त्र थांबणार नाही आणि कायद्याची यादी दर वर्षी बदलणार नाही. मला वाटतं, या यादीची ठरावीक काळानं, ठरलेल्या समितीकडून उजळणी व्हावी. औषधांच्या अत्यावश्यक यादीची होते तशी. नाव मिळाल्यानं काय होतं ते आंबोलीतच बघा. हिरण्यकेशीच्या उगमाशी कुंडात राहणाऱ्या छोट्या माशाला २०२० साली शिस्टुरा हिरण्यकेशी हे नाव मिळालं आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. मासा त्याआधीही तिथेच होता.

एवढं म्हटल्यावर दुसरी बाजू न सांगणं अप्रामाणिकपणा होईल. जनुकांचा अहवाल म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. हल्ली आमचे तरुण डॉक्टर रुग्णाच्या पोटाला हात लावायच्या आधी सीटी स्कॅन मागतात. तसंच इथेही होऊ शकतं. मायटोकाँड्रियाची जनुकं फक्त आईकडून येतात. केवळ ती वाचली तर कधी काळी दोन जातींमध्ये झालेल्या संकरानं फसगत होते. केंद्रकातली जनुकं कधी वेगळीच गोष्ट सांगतात. शिवाय झाडाच्या फांद्या कुठे फुटल्या हे जनुकं सांगतील, पण कुठल्या फांदीला ‘वंश’ म्हणायचं आणि कुठल्या फांदीला ‘कूळ’, हे माणूस ठरवतो. त्यात आवडनिवड येते, कधी हौसही येते. म्हणूनच शोलाचं काम मला पटतं. त्यांनी जनुकांबरोबर गाणं, पिसांचा रंग, मापं हे सगळं जोडून पाहिलं. रुग्णाची हकिगत, तपासणी आणि मग अहवाल, या क्रमानं. निव्वळ दोन-चार नमुन्यांच्या जनुकांवर उपजातींना जाती करून टाकण्याची घाई दिसली की मी आजही कुरकुरतो.

आणि पक्षिनिरीक्षकांनी घाबरू नये. मराठी नावाला कोणी हात लावलेला नाही. सातभाई सातभाईच राहणार, तेही आठ असोत वा दहा. इंग्रजांनी त्यांना सात बहिणी केलं, आपण भाऊ. खरं तर टोळीत दोन्ही असतात आणि एका जोडीची पिल्लं भरवायला बाकीचे मदत करतात. त्यांच्या घरट्यात पावशा आणि चातक आपली अंडी घालून मोकळे होतात आणि ही मंडळी परक्याचं पोरही तेवढ्याच आरडाओरड्यानं वाढवतात.

आंब्याखालच्या टोळीबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. मुंबई-कोकणातला सातभाई शेपटीनं जास्त तांबूस असतो. दख्खनमध्ये पक्षी गोळा करणारे कर्नल साइक्स यांनी १८३२ साली त्याला स्वतंत्र जात मानून नाव दिलं होतं. त्याच वर्षी त्यांनी माळावरच्या मोठ्या, करड्या सातभाईला मुंबईचे गव्हर्नर माल्कम यांचं नाव दिलं. तो स्वतंत्र राहिला, आमचा कोकणी मात्र पुढे उपजातीत गेला. घाटावरचे आणि इथले एकमेकांत कुठे मिसळतात, आवाजात फरक आहे का, हे बघायला महागडं यंत्र लागत नाही. माझी इंटर्न आता नोकरीला घाटावर गेली आहे. ती तिथल्या टोळीचे आवाज मोबाइलवर टेप करते, मी इथल्या. दर रविवारी आम्ही ते एकमेकांना पाठवतो. माझ्या टेपमध्ये मागून वॉर्डातल्या ट्रॉलीची खडखड येते, अशी तिची तक्रार आहे. त्यामुळे हल्ली मी अर्धा तास लवकर येतो. काल टोळीत नऊ होते, त्यातला एक पावशाचं पिल्लू.